पाटीवरचा आकडा, फळ्यावरची नावं

आपल्या तालुक्याच्या गावचं माजी सैनिकांचं सभागृह तुमच्यापैकी किती जणींनी आतून पाहिलंय? लगेच ‘छे बाई, आमचं काय काम तिथं’ म्हणू नका. पाहिलं असणार. पण कुणाच्या तरी लग्नाला, बारशाला, नाहीतर साड्यांच्या सेलला जाऊन पाहिलं असणार. पंगतीला बसलेली बाई समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते थोडंच वाचते! तिचं लक्ष वाढप्याकडे, मुलाच्या सांडलेल्या ताकाकडे आणि व्याह्यांच्या मानपानाकडे.

आमच्याकडचं सभागृह एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. सातारा जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी असावं तसंच. पुढं एक लहानशी खोली, तिला ऑफिस म्हणायचं. तिथं एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, शिवाजीमहाराजांची तसबीर आणि पलटणीचं कॅलेंडर. मागं मोठा हॉल. लग्नसराईत तो भाड्यानं जातो आणि त्या भाड्यावरच वर्षभराचं वीजबिल निघतं. एरवी सकाळी दहाच्या सुमारास चार-सहा माजी सैनिक येतात, पेपर वाचतात, कॅरम खेळतात, चहा मागवतात. आमच्या ह्यांचे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तेही रोज जातात. घरी मामीचा पुढाकार आणि तिथं मामांचा, अशी वाटणी आहे!

हॉलच्या समोरच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवलेला आहे. शाळेतल्यासारखाच, फक्त तिप्पट मोठा. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तालुक्यातल्या शहीद जवानांची नावं आहेत. नाव, वडिलांचं नाव, गाव, पलटण, साल. १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल १९९९ आणि त्यानंतरची काश्मीरमधली. शाळेत मी अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि मराठी. त्यामुळे फळा दिसला की वाचायची खोड. वाचता वाचता लक्षात आलं की डाव्या हाताला सगळ्यात वर ‘पहिले महायुद्ध १९१४-१९१८’ असं मथळ्याला साजेलशा ठसठशीत अक्षरांत लिहिलंय आणि त्याखाली दोन हात जागा कोरी आहे.

मामांना विचारलं. ते म्हणाले, “नावं मिळाली की लिहू म्हणून मोकळी सोडलीय. फळा रंगवला तेव्हापासून तशीच आहे.”

त्या कोऱ्या जागेची गोष्ट सांगायची तर तुम्हाला आधी एका गावाला न्यायला हवं.

साताऱ्याला पाहुणे आले की आपण त्यांना कुठं नेतो? कासला फुलं बघायला, ठोसेघरला धबधबा बघायला, सज्जनगडावर प्रसादाला. फार तर अजिंक्यताऱ्यावर. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, तीही आपण रस्त्यावरूनच दाखवतो. पण साताऱ्याहून कराडच्या दिशेनं अठरा-वीस किलोमीटरवर, नागठाण्याच्या बाजूला एक गाव आहे, तिथं सहसा कोणी पाहुण्यांना नेत नाही. गावाचं नाव अपशिंगे. पण नुसतं अपशिंगे म्हणून भागत नाही. ‘अपशिंगे मिलिटरी’ हे त्याचं पूर्ण नाव. लग्न करून आलो की आपल्या नावापुढे सासरचं आडनाव लागतं ना, तशी या गावानं पलटणीशी सोयरीक केली आणि आडनाव लावून घेतलं.

मामा-मामींबरोबर एका रविवारी मी तिथं गेले. काहीतरी भव्य पाहायला मिळेल अशा अपेक्षेनं जाऊ नका. ऊस, ज्वारी, सोयाबीन, देवळापुढचा पार, पाण्याची टाकी, असं कुठल्याही गावासारखं गाव. फरक कळतो तो दारावरच्या पाट्यांवरून. सुभेदार, हवालदार, नाईक. बरीचशी घरं निकमांची, त्यामुळे नुसतं आडनाव विचारून घर सापडत नाही, हुद्दा विचारावा लागतो! घरात डोकावलं तर देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर गणवेशातला फोटो. बापाचा, त्याच्या बापाचा, आणि परवा परवा भरती झालेल्या पोराचा, त्याच्या मिशा अजून नीट फुटलेल्या नाहीत. पहाटे गेलात तर रस्त्यावर धावणारी मुलं भेटतील. त्यांना कुणी शर्यतीसाठी तयार करत नाही, ती भरतीची तयारी असते.

पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जण कामी आले. शेहेचाळीस! त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारनं गावात स्मारक उभं केलं आणि ते आजही आहे. पुढच्या लढायांतही गावानं माणसं दिली, पण साऱ्या जिल्ह्यात तोंडी बसला तो हा ४६ चा आकडा. माझ्या वर्गात मी विचारलं, तर अर्ध्या मुलांनी हात वर केले. मग विचारलं, “त्यातलं एक तरी नाव सांगा.” सगळे हात खाली.

मुलांना दोष नाही. आकडाच आपल्या हाती दिला गेलाय. महायुद्ध संपल्यावर सरकारनं आपल्याकडच्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. चावडीवर, शाळेच्या भिंतीत, क्वचित वेशीजवळ. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, जिथून जिथून माणसं गेली तिथं तिथं. तुमच्याही माहेरी असेल, चुन्याच्या दहा हातांखाली गेलेली असेल. त्या पाट्यांवरचा मजकूर ठरलेला असे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. गावाचं नाव वेगळं, आकडे वेगळे, बाकी साचा एक. गेलेल्याचं नाव नाही, बापाचं नाही, मग बायकोचं तर विचारूच नका.

दळणाच्या डब्यावरसुद्धा आपण नाव घालतो हो, गिरणीत अदलाबदल होऊ नये म्हणून.

गेले होते कुठं हे लोक? आपल्या मराठा पलटणींतले बरेचसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. आपल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या बायका त्याला एकच शब्द वापरत. ‘बसऱ्याला गेले.’ बसरा हे तिथलं बंदर. मुंबईच्या गोदीतून बोटीत बसायचं आणि बसऱ्याला उतरायचं. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन तिथं लढत लढत पार बगदादच्या जवळपास पोचली, मग मागं रेटली गेली आणि टायग्रिस नदीच्या वळणावर कुट नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने.

लढाईची हकीगत पुरुषमंडळी नकाशे काढून सांगतात. मला त्यातली स्वयंपाकघराची हकीगत लक्षात राहिली. गावात धान्य सापडलं, पण ते दळायला जाती नाहीत. तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या! विमानं तेव्हा किती लहानखुरी, त्यात माणूस बसतानाच मारामार, त्यातून दगडाची जाती. शेवटी शेवटी पिठाची पोतीही आकाशातून टाकली, त्यातली काही नदीत पडली, काही शत्रूच्या हद्दीत. घोडे मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस घोड्याच्या मांसाला हात लावला नाही. घरी आयाबायांनी ज्वारीच्या भाकरीवर वाढवलेली पोरं ती, उपाशी राहिली. अखेर तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि त्यांतली कितीतरी वाळवंट तुडवता तुडवताच गेली.

आणि इकडे घरी? पत्र यायचं ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. मनिऑर्डर आली तर माणूस जिवंत. त्यातच १९१८ साली तापाची साथ आली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. म्हणजे रणांगणावरचा वाचला आणि परत येऊन बघतो तर घर रिकामं, असंही झालं असणार. त्याची पाटी कुठंच नाही.

अपशिंग्यात मामांच्या ओळखीच्या घरी एक आजी भेटल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कान तिखट. नवरा पलटणीत, मुलगा पलटणीत, आता नातू. मी स्मारकाबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्यो दगूड इंग्रजाचा. आमचा हिशेब येगळा.” मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“आमच्या भावकीतलं तिघं बसऱ्याला गेलं ते आलंच न्हाईत. तार न्हाई, चिठ्ठी न्हाई. पैसं यायचं थांबलं तवा कळलं. मेल्याची तिथ कुनाला ठावं? मग भादव्यात चौदसीला त्यांचं पान वाढायचं. माझी सासू म्हनायची, आदी नाव घे आन् मग वाढ. इसरलीस तर त्यो उपाशी ऱ्हाईल.”

मैत्रिणींनो, भाद्रपद वद्य चतुर्दशी आपल्याला कॅलेंडरवर दिसते, ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. माझी नजर तिच्यावरून नेहमी सर्वपित्रीकडे सरकायची, कारण आमच्याकडचा स्वयंपाक सर्वपित्रीला. शस्त्रानं गेलेल्यांचा दिवस म्हणजे कोणासाठी, असा प्रश्न कधी पडला नव्हता. या आजींच्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं, त्यांनी यांना, यांनी सुनेला. शंभर वर्षं तीन नावं भाताच्या मुदीबरोबर पुढं आली. आजींनी मला ती नावं सांगितली, बापाच्या नावासकट. इथं छापत नाही, घरच्यांना विचारायचं राहू नये म्हणून. पण मामांनी ती आपल्या डायरीत लिहून घेतली, आणि लिहिताना सुभेदारसाहेबांची पेन्सिल दोनदा थांबली, हे मी पाहिलं.

कुणी म्हणेल, काय ते श्राद्ध घेऊन बसलात! मलाही कर्मकांडाचा फारसा पुळका नाही. पण सरकारी दगडाला जे जमलं नाही ते एका ताटानं केलं, हे कबूल करायला काय हरकत आहे?

मग घरी आल्यावर मी जरा वाचायला लागले. बी.ए.ला इतिहास होता, पण यातलं एक अक्षर आम्हाला नव्हतं. बसऱ्याला या युद्धातल्या, थडगं माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचं मोठं स्मारक १९२९ साली बांधलं. पुढं १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन बसवलं. तिथं गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही. पण साध्या हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढं आकडा! म्हणजे गावच्या पाटीवर आकडा आणि तिकडे हजारो मैलांवरही आकडाच. ज्या संस्थेकडे ही सगळी स्मारकं आहेत तिचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. तिनंच २०२१ साली आपल्या जुन्या कारभाराची चौकशी करून अहवाल काढला. त्यात कबूल केलंय की हिंदुस्थान, आफ्रिका, इजिप्तकडच्या निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, लेखी कबूल केलं.

आपल्याकडे दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण त्या महायुद्धात गेलेले हिंदी लोक सत्तर हजारांच्या वर. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची मात्र एकूण एक नावं २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात विटेविटेवर कोरली आहेत. पुण्याला घोरपडीच्या बाजूला १९९८ पासून नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं स्मारक आहे, मुलांना घेऊन जाण्यासारखं. दुसऱ्या महायुद्धातल्या काहींचं नशीब जरा बरं. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही थडगं नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावला पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखातलं गाव नाव लक्षात ठेवतं. पण पदक मिळालं तर नाव राहतं, बाकीच्यांचं काय, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर अर्धंमुर्धं सापडलं ते त्याच कमिशनच्या संकेतस्थळावर. दगडावर नाव नसलं तरी कागदावर होतं बरं का! पलटणींच्या जुन्या याद्या त्यांनी सर्वांना पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. माझी भाची कॉलेजात जाते. तिनं मोबाईलवर पाच मिनिटांत शोधून दिलं. बऱ्याच नोंदींत शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. काही नोंदींत तर ‘अमकीचा नवरा’ असंही असतं. शोधायची युक्ती सांगते, उपयोगी पडेल. आडनाव घालून शोधू नका. त्या काळी पुष्कळांचं नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहिलं जाई. पलटण माहीत असेल तर पलटणीवरून शोधा. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे लिहून बघा आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांना न पटणारं नाव कानाला पटतं.

आम्ही तिघी-चौघी शिक्षिकांनी दिवाळीच्या सुट्टीत हेच केलं. फराळाच्या चकल्या एकीकडे आणि याद्या एकीकडे. मुलांना सांगितलं, घरी आजीला विचारून या, ‘बसऱ्याला कोण गेलं होतं?’ आजोबांना नव्हे, आजीला. काही जणी हसल्या, पण नावं आली. चौदसीची पानं आमच्या तालुक्यातही वाढली जातात, असं त्यातून कळलं. दोन ठिकाणी घरचं नाव आणि यादीतलं नाव बापाच्या नावासकट तंतोतंत जुळलं. तो कागद घेऊन एका मुलाची पणजी आमच्या शाळेच्या ओट्यावर किती तरी वेळ नुसती बसून होती.

आता पुन्हा सभागृहात या, कारण नावाचं प्रकरण तिथं रोज चालतं आणि ते मेलेल्यांपुरतं नसतं. ऑफिसातल्या त्या टेबलापुढं सकाळी बसलेल्या बायका पाहिल्यात तर बहुतेकींच्या पिशवीत एकच तक्रार असते. नाव जुळत नाही! पलटणीच्या कागदावर ‘सोनाबाई’, आधारकार्डावर ‘सोनुबाई’, बँकेच्या पुस्तकात माहेरचं नाव, आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी तीन. नवरा जिवंत असेतोवर याचं कुणाला काही वाटत नाही. तो गेला की कुटुंब-निवृत्तिवेतन याच एका काना-मात्रेला अडकतं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला, तीच ती आहे हे प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागतं. मामा आणि त्यांचे सोबती तिथं फुकट बसून हे अर्ज लिहून देतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेटे घालतात. माझ्या मते शहिदांच्या तसबिरीला हार घालण्याइतकंच हे मोलाचं काम आहे, पण त्याचा फोटो पेपरात येत नाही.

म्हणून ज्या मैत्रिणींचे यजमान, भाऊ किंवा मुलगा पलटणीत आहेत त्यांना एवढंच सांगते. तो सुट्टीवर आला की एक दुपार कागदांसाठी काढा. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद त्याच्या पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ने झालीय का, ते विचारा. निवृत्त झालेले असतील तर डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, ज्याला पीपीओ म्हणतात, त्यावर तुमचं नाव नि जन्मतारीख आधारकार्डाप्रमाणे आहे का ते स्वतः वाचा. ‘ह्यांना सगळं ठाऊक आहे’ म्हणून गप्प बसू नका. पेन्शनचा कारभार आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकी पद्धतीनं चालतो, आणि संगणकाला सोनाबाई आणि सोनुबाई या दोन वेगळ्या बायका वाटतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, तो चुकवू नका. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढून एक संच माहेरी ठेवला तरी चालेल. दागिने ठेवतोच की!

त्या फळ्याबद्दल सांगायचं राहिलं. मध्यंतरी हॉल एका लग्नाला दिला होता. मांडववाल्यानं समोरच्या भिंतीवर फुलांचा पडदा सोडला, फोटोत काळा फळा बरा दिसत नाही म्हणून. कारगिलला नवरा गेलेल्या एक बाई त्या लग्नाला आल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वधूच्या आईला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, “झाकू नका हो. त्यांनाही बघू दे लग्न.” पडदा काढला. तेव्हापासून हॉलच्या भाडेपावतीवर छापूनच टाकलंय की फळा झाकायचा नाही. कार्यालयाला दोन लग्नं कमी मिळाली म्हणतात, पण कोणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या मथळ्याखाली आता नावं यायला लागली आहेत. यादीतलं आणि घरचं, दोन्हीकडून पटलेलं तेवढंच लिहायचं, असा मामांचा दंडक आहे. पेंटर गावातलाच आहे, नावामागे पैसे घेत नाही, फक्त रंगाचे घेतो. आता नवा वाद निघालाय. आम्ही बायकांनी म्हटलं, जिथं बायकोचं किंवा आईचं नाव कळलंय तिथं तेही लिहा, नावं त्यांनीच राखली. मंडळातले दोघे म्हणाले, फळ्यावर जागा कुठाय? एकजण म्हणाले, मग १९७१ च्या बायकांनी काय केलंय, त्यांचीही लिहा. मामी पहिल्यांदाच सभागृहाच्या मीटिंगला गेल्या आणि म्हणाल्या, भिंत अजून चांगली वीस हात आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हे ठरायचं आहे.

अपशिंग्याला जायचं असेल तर साताऱ्याहून सकाळच्या वेळी निघा. थंडीचे दिवस बरे, उन्हाळ्यात रस्ता तापतो. सहल म्हणून डबे-चटया घेऊन जाऊ नका, ते राहतं गाव आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करा, कुणी ना कुणी माजी सैनिक बरोबर येतो आणि चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. स्मारक बघून झालं की आत एखाद्या घरी बसा. बरोबर वही-पेन असू द्या. आणि मुलांना न्या, पण आधी तुमच्या स्वतःच्या गावच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीवर चुन्याखाली पाटी आहे का ते त्यांना शोधायला लावा. ओल्या फडक्यानं हलकेच पुसायची, खरवडायची नाही. संगमरवराला चिंच-लिंबू लावू नका, अक्षरं झिजतात.